तोळाभर

बाबांनी फळी उचलली तेव्हा त्यांचा हात गरजेपेक्षा वर गेला. चाळीस वर्षं सागवानाचं काम केलेल्या माणसाचा हात लाकूड उचलण्याआधीच वजनाचा अंदाज बांधून बसतो. तो अंदाज साफ चुकला होता. तीन फूट लांब, चार इंच रुंद, नाण्याएवढी जाड फळी आणि वजन वीस ग्रॅमच्या आत. त्यांनी ती खाली ठेवली, पुन्हा उचलली, नखाने दाबली. नख आत रुतलं.

"हे का लाकूड होय?" ते म्हणाले. "थर्माकोल होय हे. कितीले पडलं?"

मी कुरिअरचे पैसे वगळून आकडा सांगितला. तोही त्यांना जास्तच वाटला.

आम्ही बल्लारपूरचे. आमच्याकडे वस्तूची किंमत वजनात कळते. कोळसा टनात, कागद टनात, बांबू ट्रकात, सागवान घनफुटात. २०२३च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी आमच्या भागातलं सागवान निघालं, तेव्हा अख्खं गाव पाहायला रस्त्यावर होतं. बाबाही गेले होते. परत आल्यावर त्यांनी मिरवणुकीबद्दल काहीच सांगितलं नाही, फक्त फळ्यांबद्दल सांगितलं. रेषा किती सरळ होत्या, गाठ कुठेच नव्हती, एक फळी उचलायला किती माणसं लागली असतील.

त्याच वर्षी मी पुण्याहून परत आलो. वय २९. तीनदा पूर्व, एकदा मुख्य, आणि त्या एकदाही थोडक्यात गेलं. हा मजकूर वाचणाऱ्यांपैकी कित्येकांना यापुढचं सांगायची गरज नाही. घरात कुणी काही बोललं नाही. आईने माझी खोली झाडून ठेवली होती. बाबांनी दुकानातला एक कोपरा रिकामा करून दिला आणि म्हणाले, "बस इथं, पंखा आहे." मी लॅपटॉप घेऊन लोकांचे अर्ज भरून देऊ लागलो. जातीचा दाखला, पीक विमा, पोलीस भरती. पोट भरण्यापुरतं मिळायचं, आणि बाकीचा दिवस उरायचा.

विमानाचं खूळ पुण्यातच लागलं होतं. अभ्यासिकेत रात्री अकरानंतर डोकं चालेनासं झालं की मी मोबाईलवर व्हिडिओ बघायचो. त्यात एकदा एक म्हातारा गवतावर उभा दिसला. हातात कागदी विमान, पुढे लाकडी पंखा. त्याने ते फेकलंसुद्धा नाही, नुसतं सोडलं. आवाज नाही, धूर नाही. विमान त्याच्या डोक्यावर गोल गोल फिरत वर गेलं आणि तो मान वर करून बघत राहिला. मी तो व्हिडिओ त्या रात्री सहा-सात वेळा पाहिला असेल.

तुमच्यापैकी ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काड्यांचा सांगाडा, वर पातळ कागद, आणि पोटात रबराची पट्टी. पट्टीचं एक टोक शेपटीकडे अडकवलेलं, दुसरं पंख्याला. पंखा उलटा फिरवून रबराला पीळ द्यायचा. सोडला की पीळ सुटतो, पंखा फिरतो, विमान उडतं. बॅटरी नाही, रिमोट नाही. एकदा हातातून सुटलं की तुमचं त्याच्यावर काहीही चालत नाही. डावीकडे वळायचं की उजवीकडे, नाक किती वर ठेवायचं, हे सगळं सोडण्याआधी ठरवून त्याच्या अंगात घालून ठेवावं लागतं.

हे पहिल्यांदा नीट जमवलं ते आल्फोन्स पेनो नावाच्या फ्रेंच पोराने. पोरगाच म्हणायचा, कारण तेव्हा तो जेमतेम विशीचा होता. खुब्याच्या दुखण्यामुळे त्याला घराण्याच्या रिवाजाप्रमाणे नौदलात जाता आलं नाही. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी बागेत त्याने लोकांसमोर आपलं रबरी विमान उडवलं. वजन १६ ग्रॅम. ते ११ सेकंद उडालं, साधारण ४० मीटर गेलं. राईट बंधूंचं विमान यायला अजून ३२ वर्षं होती. त्या राईट बंधूंनाही लहानपणी, १८७८ साली, वडिलांनी पेनोच्याच धर्तीचं एक रबरी खेळणं आणून दिलं होतं. बांबू, बूच आणि कागदाचं. छताला जाऊन आपटायचं. पोरं त्याला वटवाघूळ म्हणायची.

पेनोची युक्ती शेपटीत होती. त्याने शेपटीचा पुढचा काठ पंखांच्या मानाने किंचित खाली ठेवला. विमानाचं नाक खाली गेलं की वेग वाढतो, वेग वाढला की हवा शेपटीला खाली दाबते आणि नाक आपोआप वर येतं. नाक फार वर गेलं की वेग पडतो, शेपटीवरचा दाब सुटतो, नाक पुन्हा खाली. म्हणजे सावरणारं आत कुणीच नाही आणि तरी ते सावरतं. अभ्यासिकेत बसून हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी शेजारच्याला उठवून सांगितलं. तो म्हणाला, "सिलॅबसमध्ये आहे का?"

(पेनोबद्दल लिहिलं की कुणीतरी तळपद्यांचा फॉरवर्ड पाठवतोच. गिरगाव चौपाटी, १८९५, राईट बंधूंच्या आधी. मलाही आमच्या एका काकांनी पाठवला. त्यांना मी एवढंच कळवलं की तळपद्यांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्रा'तली विमानं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभियंत्यांनी १९७४ साली तपासली होती आणि ती उडणं शक्य नाही असं दाखवलं होतं. काका रागावले. मी तेव्हापासून त्यांना फक्त सुप्रभात पाठवतो.)

पहिलं विमान मी बाल्साविना करायला गेलो. पतंगाच्या कामट्या, पतंगाचा कागद, स्टेशनरीच्या दुकानातली रबरबँडं एकात एक गुंतवून. ते उडालं नाही, आदळलं. पतंगाला दोरा धरून असतो, वारा त्याला उचलतो, म्हणून बांबू चालतो. इथे उचलायला कुणी नाही. मग काटेसावर घेतली. सावरीचं लाकूड आमच्याकडे हलकं म्हणूनच ओळखलं जातं, त्याच्या आगकाड्या होतात. पुढे वाचताना कळलं की दक्षिण अमेरिकेतला बाल्सा आणि आपली काटेसावर एकाच कुळातली झाडं आहेत. गंमत वाटली. पण चुलतभाऊ असले तरी सावर दुपटीहून जड पडली. शेवटी ऑनलाईन मागवलं आणि बाबांनी ती फळी उचलली, ते वर सांगितलंच.

दुकानाच्या त्याच कोपऱ्यात मी बांधायला बसलो. एका बाजूला बाबांचा सोफा, त्याचा एक हात उचलायला दोन माणसं लागतील असा. दुसऱ्या बाजूला मी ब्लेडने काड्या कापतोय, आगकाडीपेक्षा बारीक. बाबा जाता-येता बघायचे. पंधरा दिवस काही बोलले नाहीत. मग एक दिवस मी दोन काड्या फेविकॉलने जोडत होतो आणि ते मागे उभे होते.

"एवढा फेविकॉल कायले? लाकडापेक्षा तोच जड."

बरोबर होतं. मी सुतारकामासारखं भरभरून लावत होतो. त्यांनी एका वाटीत पाणी घालून पातळ केला, सुईच्या टोकावर एक थेंब घेतला आणि सांध्यावर ठेवला. "सांधा नीट बसला असंल तर फेविकॉल फक्त साक्षीले." तेव्हापासून ते शिकवू लागले. काडी रेषेत आहे का हे उजेडात धरून बघायचं. पॉलिश पेपर ठोकळ्याला गुंडाळूनच घासायचा. दोन्ही पंखांच्या काड्या एकाच फळीतून, शेजारशेजारून कापायच्या, म्हणजे वजन सारखं येतं. मी सात महिन्यांपासून घरी होतो, आणि एवढं सलग आम्ही त्या सात महिन्यांत बोललो नव्हतो.

कागदाने छळलं. बुटाच्या खोक्यातला पातळ कागद मला आयताच मिळाला होता. पंखावर चिकटवून पाण्याचा हलका फवारा मारायचा, वाळताना कागद आखडतो आणि ढोलकीसारखा ताठ होतो. ही झाली पद्धत. चंद्रपूरच्या एप्रिलात, ४५ अंशांत, तो दहा मिनिटांत वाळला आणि इतका आखडला की पंख भाजलेल्या पापडासारखा मुडपला. दुसरा पंख रात्री केला, पाटावर टाचण्यांनी चारी बाजूंनी दाबून. तो सरळ राहिला.

रबराचा प्रश्न वेगळाच. चांगलं रबर बाहेरून येतं, आणि ऊन-उष्णता लागली की ते तडकतं. म्हणून मी ते डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलं, दह्याच्या शेजारी. आईने दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी डब्यावर कागद चिकटवला : खाऊ नये. रबराला पीळ देण्याआधी एरंडेल चोळतात, म्हणजे पीळ एकमेकांवर घसरतात, घासून तुटत नाहीत. आईला वाटलं माझं पोट बिघडलंय.

पीळ देताना रबर आधी चार-पाचपट ताणायचं आणि पीळ देत देत हळूहळू जवळ यायचं. बोटाने सहाशे पीळ देणं शक्य नाही. बाबांनी आपलं जुनं हाताने फिरवायचं ड्रिल काढलं, टोकाला हुक बसवला. दांडा एकदा फिरवला की हुक चार वेळा फिरतो, हे त्यांनी खडूची खूण करून मोजलं. मग दीडशे वेळा दांडा फिरवायचा. एक जण विमान धरतो, दुसरा पीळ देतो. हे काम एकट्याने होत नाही, निदान मला कधी जमलं नाही.

रबर तुटायच्या आधी काय होतं ते कुणी नीट सांगू शकत नाही. आधी पिळाला गाठी येतात, मग गाठींवर गाठी. हाताला एक घट्टपणा जाणवतो. तिथून पुढे दहा पीळ की पन्नास, ते तुमच्यावर. थोडं कमी दिलं तर उंची मिळत नाही. जास्त दिलं तर फट्‌ आवाज होतो आणि सांगाड्याच्या आतून चिंधड्या निघतात. आमची अशी दोन विमानं गेली. दोन्ही वेळा ड्रिल माझ्या हातात होतं. बाबा म्हणाले, "तुले थांबता येत नाही." ते रबराबद्दलच बोलत होते. मी रात्रभर दुसऱ्याच अर्थाने ऐकत राहिलो.

पंखा त्यांनी कोरला. विकतचा प्लास्टिकचा होता, पण त्यांना तो पटला नाही. सुकवलेल्या सावरीचा ठोकळा घेतला, कर्णरेषा आखल्या, पटाशीने दोन्ही बाजू काढत गेले. पाती पातळ झाली तेव्हा खिडकीच्या उजेडात धरून बघायचे. बोटांची सावली पलीकडून दिसू लागली की थांबायचं. मग आडव्या तारेवर तोलून बघितला, एक पातं खाली गेलं, दोनदा घासलं, पुन्हा तोलला. या कामात त्यांना सोफ्याचा विसर पडला आणि गिऱ्हाईक दोनदा परत गेलं. त्यांनी एकसारखे दोन पंखे कोरले.

वजन करायला घरात काटा नव्हता. ओळखीच्या सराफाकडे गेलो. त्याने काचेचं दार उघडून विमान पारड्यावर ठेवलं, पंख दोन्ही बाजूंनी बाहेर. साडेअकरा ग्रॅमच्या थोडं वर. "तोळाभर," तो म्हणाला. जुना तोळा, ११ ग्रॅम ६६४ मिलिग्रॅमचा. बाबा दुकानाबाहेर आल्यावर हसायला लागले. मी बरेच दिवसांनी त्यांना हसताना पाहिलं. "जिंदगीभर घनफुटात काम केलं," म्हणाले, "आता तोळ्यात."

पहाटे साडेपाचला शाळेच्या मैदानावर जायचो. वारा सुरू व्हायच्या आत. आधी पीळ न देता नुसतं हातातून सोडून बघायचं. नाक वर करून थबकलं आणि पडलं तर नाकावर चिमूटभर माती. सरळ खाली गेलं तर माती कमी. पंखा फिरताना विमानाला उलट्या दिशेला लोळवायला बघतो, म्हणून त्याचा आस किंचित उजवीकडे आणि खाली वळवायचा, आगपेटीच्या कागदाची एक घडी आत सारून. असं रोज एक-एक. ११ सेकंदांवर आम्ही आठवडाभर अडकलो होतो. पेनोइतकंच, दीडशे वर्षांनी. मग १९, २६, एकदा ४१. बाबा मोबाईलच्या स्टॉपवॉचवर बघायचे आणि आकडा दुकानाच्या भिंतीवर पेन्सिलने लिहायचे, जिथे ते लाकडाची मापं लिहितात. जगात बंद सभागृहात उडवायची विमानं असतात, सांगाडा दीड ग्रॅमच्या आसपास, ती वीस मिनिटांच्या वर हवेत राहतात. मी ते सांगितलं. बाबांना खोटं वाटलं.

याच काळात मी पेनोचं पुढचं वाचलं. त्याने १८७६ साली माणूस बसेल अशा विमानाचा आराखडा केला, त्याचं पेटंट घेतलं. काचेचं छत, आत घेता येणारी चाकं, एका दांड्याने चालणारी शेपटी. त्यासाठी पैसे द्यायला कुणी तयार झालं नाही. लोक नावं ठेवू लागले, प्रकृती ढासळत गेली. १८८० साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने आपलं आयुष्य संपवलं. मी मोबाईल बंद केला. मला तीस पूर्ण व्हायला पाच महिने होते. बाबांना मी पेनोची गोष्ट ११ सेकंदांपर्यंतच सांगितली होती, आणि पुढचं सांगायचं नाही असं ठरवलं.

मे महिन्यात ताईकडे आलापल्लीला गेलो. गोंडपिपरी, मग वैनगंगेचा पूल, आष्टी आणि पुढे लोहखनिजाच्या ट्रकांच्या मागे धूळ खात. विमान बुटाच्या खोक्यात, खोकं बाबांच्या मांडीवर. त्यांनी ते रॅकवर ठेवू दिलं नाही.

भाच्याने खोकं उघडताच विचारलं, "मामा, ड्रोन?" त्याचं चुकलं नाही. गडचिरोलीत आकाशातून जे येतं ते हेलिकॉप्टर असतं नाही तर ड्रोन. निवडणुकीला मतदान पथकं हेलिकॉप्टरने जातात, चकमकीतले जखमी हेलिकॉप्टरने येतात. तिथली पोरं आवाजावरून सांगतात कोणतं आहे ते. न आवाज करता उडणारं काही त्यांनी पाहिलं नव्हतं. मैदानावर दहा-बारा पोट्टे जमले आणि गणवेशातला एक जणही आला.

"कॅमेरा कुठं आहे?"

"नाही."

"बॅटरी?"

"नाही. रबर आहे."

त्याने विमान हातात घेतलं आणि बाबांसारखाच त्याचा हात वर गेला. उलटंपालटं करून पाहिलं, कागदातून आरपार सूर्य दिसत होता. मग त्याने विचारलं, पीळ मी देऊ का? शंभर वेळा दांडा फिरवला त्याने. पहिलं उड्डाण त्याच्याच हातून झालं. पस्तीस सेकंद. नंतर तो खुर्ची मागवून सावलीत बसला.

साडेनऊ वाजले होते. आम्ही तेवढ्या उशिरा कधी उडवत नसू. जमीन तापली की तिच्यावरची हवा फुग्यासारखी सुटून वर जाते, घारी तिच्यातच पंख न हलवता गिरक्या घेतात. विमान अशा हवेत सापडलं तर खाली येत नाही. त्यासाठी जुन्या लोकांची एक तोड आहे : शेपटीला जळती वात बांधायची, ठरल्या वेळी ती एक रबर जाळते, शेपटी वर उचलली जाते आणि विमान अलगद खाली बसतं. मी वात आणली होती. बाबांनी खिशातून काढून घेतली. मे महिना, तेंदूपत्त्याचे दिवस, सागाचा पाचोळा गुडघाभर. "वणवा लागंल. मग कितीचं पडंल तुझं इमान?"

तेव्हा वात नाही. दीडशे दांडे मीच फिरवले. गाठींवर गाठी आल्या. बाबांनी विमान धरलं होतं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी थांबलो.

भाच्याने सोडलं. उजवीकडे वळत, गोल गोल वर गेलं. पन्नास सेकंदांनी पंखा थांबला. ते उतरायला लागायला हवं होतं. ते तसंच फिरत राहिलं, मग किंचित वर सरकलं, मग आणखी. पोरं ओरडायची थांबली. एक घार त्याच वर्तुळात आली, तिने एकदा वळून पाहिलं आणि बाजूला झाली. दोन मिनिटं. विमान मैदानाच्या कडेच्या झाडांवरून पलीकडे सरकलं. वर कोऱ्या आकाशात नुसता एक ठिपका, कागदावर ऊन पडलं की चमकायचा. बाबांनी मोबाईल डोळ्यांसमोर धरला होता पण बघत वरच होते. चार मिनिटांच्या पुढे कधीतरी ते चमकलं नाही.

मी धावलो. कडेपर्यंत गेलो आणि मागून बाबांचा आवाज आला, "नको जाऊ तिकडं." मी थांबलो नाही. तेव्हा ते पळत आले. गुडघे धरतात त्यांचे, दुकानात स्टूलवरून उठताना टेबलाचा आधार घेतात, ते पळत आले आणि माझा शर्ट मागून धरला. "वाघ आहे बे तिकडं. तेंदूले जाणारे बी टोळीनं चालले." त्यांना धाप लागली होती. शर्ट सोडायला ते विसरले. "तोळाभर तर होतं," म्हणाले. "जाऊ दे."

संध्याकाळच्या बसने निघालो. खोकं रिकामं होतं तरी बाबांनी ते मांडीवरच घेतलं. आष्टीचा पूल गेल्यावर त्यांनी विचारलं, "तो अकरा सेकंदवाला. त्याचं पुढं का झालं?"

मी सांगितलं. पैसे, नावं ठेवणारे लोक, तिसावं वर्ष, सगळं. मधे गाळलं नाही. ते खिडकीबाहेर बघत होते. गोंडपिपरीला बस थांबली, त्यांनी खाली उतरून दोन चहा आणले, एक माझ्या हातात दिला. गरम होता, कप बदलत बदलत प्यावा लागला.

"पंखे दोन कोरले होते मी," ते म्हणाले. "एक घरी आहे."